बेचाळीस सह्या आणि एक मृत्युपत्र

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात न्यू बेडफर्ड नावाचे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीवर हे गाव गबर झाले. देवमाशाच्या चरबीचे तेल दिव्यांत जळे आणि त्याचा पैसा न्यू बेडफर्डच्या चार-दोन घराण्यांत साठे. हाउलँड हे त्यांपैकी एक घराणे. या घराण्यातल्या सिल्व्हिया ॲन हाउलँड या अविवाहित, सतत आजारी असणाऱ्या बाई जुलै १८६५ मध्ये वारल्या. मागे सुमारे २० लाख डॉलरची मालमत्ता होती. त्यांच्या १८६३ सालच्या मृत्युपत्रानुसार जवळजवळ अर्धी मालमत्ता धर्मादाय संस्थांना आणि इतर व्यक्तींना जायची होती. उरलेली विश्वस्तांच्या ताब्यात राहून तिचे उत्पन्न भाचीला, म्हणजे हेटी रॉबिन्सन हिला, तहहयात मिळायचे होते.

हेटीला हे मान्य नव्हते. तिने १८६२ सालचे एक जुने मृत्युपत्र पुढे आणले. त्यात जवळजवळ सगळी मालमत्ता तिच्या नावे होती. आता जुन्या मृत्युपत्रापेक्षा नंतरचे मृत्युपत्र प्रमाण मानायचे हा नियम आपल्याकडेही आहे, तिथेही होता. पण हेटीने दाखवलेल्या मृत्युपत्राला एक दुसरे पान जोडलेले होते. यानंतर माझ्या नावाने कोणतेही मृत्युपत्र निघाले तर ते मानू नये, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता आणि खाली मावशीची सही होती. या दुसऱ्या पानाच्या दोन प्रती होत्या. मजकूर हेटीच्याच हस्ताक्षरातला होता, कारण आजारी मावशीची लिहिण्याची कामे तीच करत असे. तिचे म्हणणे असे की मावशी-भाचीने एकमेकींच्या नावे मृत्युपत्रे करायची असा दोघींत करार झाला होता.

थॉमस मँडेल हे नंतरच्या मृत्युपत्राचे एक्झिक्युटर, म्हणजे त्याची अंमलबजावणी करणारे. त्यांनी हे पान नाकारले आणि हेटीने दावा लावला. मँडेल यांच्या वकिलांचे म्हणणे थोडक्यात असे होते: पहिल्या पानावरची सही खरी आहे आणि दुसऱ्या पानावरची सही तिच्यावरून गिरवलेली आहे.

अशा गुन्ह्याला आपण पांढरपेशी गुन्हेगारी म्हणतो. हा शब्दप्रयोग रूढ केला तो एडविन सदरलँड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने, १९३९ सालच्या एका भाषणात. प्रतिष्ठित माणूस आपल्या व्यवसायाच्या आणि प्रतिष्ठेच्या आडून जो गुन्हा करतो त्याकडे लक्ष वेधण्यासाठी त्याने तो वापरला. हेटीचे प्रकरण त्याच्या कितीतरी आधीचे, शिवाय ते दिवाणी होते आणि घरगुतीही. पण अशा सर्व प्रकरणांची मूळ अडचण त्यात स्पष्ट दिसते. येथे रक्ताचा डाग नसतो, तुटलेले कुलूप नसते. गुन्हा घडला की नाही हाच वादाचा मुद्दा असतो आणि पुरावा म्हणून हाती असतो तो फक्त कागद.

त्या काळी अमेरिकेत खासगी तपासनीस नव्हते असे नाही. ॲलन पिंकर्टन याने शिकागोमध्ये १८५० च्या सुमारास आपली संस्था काढली होती. पण पिंकर्टनची माणसे आगगाड्यांवरच्या लुटारूंच्या मागावर जाणारी. येथे माणसाचा नव्हे, रेघेचा माग काढायचा होता. मग दोन्ही बाजूंच्या वकिलांनी हार्वर्ड विद्यापीठाचा रस्ता धरला.

हेटीच्या वकिलांनी आणलेली नावे पाहा. ऑलिव्हर वेंडेल होम्स हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक आणि सूक्ष्मदर्शकाचे जाणकार. लुई अगासी म्हणजे हिमयुगाची कल्पना मांडणारे जगप्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ. दोघांनी वादग्रस्त सह्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. आधी पेन्सिलीने सही गिरवून मग त्यावर शाई फिरवली असेल तर शाईखाली पेन्सिलीचे कण सापडावेत, असा तर्क होता. तसे काही सापडले नाही, अशी साक्ष त्यांनी दिली.

ही साक्ष खोटी होती असे समजण्याचे कारण नाही. पण तिच्यातून काय सिद्ध होते, हे आपण नीट पाहू. पेन्सिल वापरली नव्हती, एवढेच. खिडकीच्या काचेवर कागदावर कागद ठेवून थेट शाईने गिरवता येतेच, आणि ते दहावीच्या मुलांनाही ठाऊक असते. शोधलेली खूण सापडली नाही म्हणजे गुन्हा घडला नाही, असे नव्हे. मोठ्या नावाच्या वजनाखाली हा साधा फरक दबून जातो.

मँडेल यांच्या वकिलांनी वेगळी वाट धरली. ते बेंजामिन पर्स यांच्याकडे गेले. पर्स हे हार्वर्डमध्ये गणित आणि खगोलशास्त्राचे प्राध्यापक, त्या काळातले अमेरिकेचे अग्रगण्य गणिती. त्यांचा मुलगा चार्ल्स पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावारूपाला आला. त्या वेळी तो पंचविशी ओलांडलेला तरुण होता आणि सागरकिनाऱ्याचे सर्वेक्षण करणाऱ्या सरकारी खात्यात काम करत होता. बापलेकांनी सहीच्या शाईकडे पाहिलेच नाही. त्यांनी प्रश्नच बदलला. एका माणसाच्या दोन खऱ्या सह्या एकमेकींशी किती जुळतात? हे आधी कळले, तरच जुळण्याचे प्रमाण संशयास्पद आहे की नाही हे ठरवता येईल.

कारण येथे संशय होता तो सही वेगळी असल्याचा नव्हता, फार सारखी असल्याचा होता. शाळेतही असेच होते. दोन मुलांची बरोबर उत्तरे सारखी आली तर आपण काही म्हणत नाही. पण दोघांच्या चुकाही शब्दशः सारख्या आल्या की आपण थबकतो.

सिल्व्हिया हाउलँड यांच्या निर्विवाद खऱ्या अशा ४२ सह्या मिळवण्यात आल्या. त्यांची छायाचित्रे घेऊन एकावर एक ठेवून पाहायची, हे काम चार्ल्सकडे आले. प्रत्येक सहीत वरून खाली येणाऱ्या ३० रेघा होत्या. त्यांना आपण उतरत्या रेघा म्हणू. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या की ३० पैकी किती उतरत्या रेघा जुळतात, ते मोजायचे. ४२ सह्यांच्या जोड्या किती? ४२ गुणिले ४१ भागिले २, म्हणजे ८६१. प्रत्येक जोडीत ३० रेघा, म्हणजे २५,८३० तुलना. हे सारे हातांनी आणि डोळ्यांनी. आम्ही जे संशोधनाचे काम करतो त्यातही अशी कंटाळवाणी मोजणी वाट्याला येते, म्हणून चार्ल्सच्या या कामाबद्दल आम्हाला विशेष आदर वाटतो.

२५,८३० तुलनांपैकी ५,३२५ वेळा रेघा जुळल्या, म्हणजे साधारण पाचात एकदा. दोन खऱ्या सह्यांमध्ये सरासरीने ३० पैकी सहा रेघा जुळतात, असा याचा अर्थ. आणि वादग्रस्त सही मृत्युपत्रावरच्या सहीवर ठेवली तेव्हा? तीसच्या तीस रेघा जुळल्या.

येथवर सारे चोख होते. पुढे बेंजामिन पर्स यांनी गुणाकार केला. एक रेघ जुळण्याची संभाव्यता १/५, तर तीसही जुळण्याची संभाव्यता १/५ चा तिसावा घात. हा योगायोग किती वेळांत एकदा घडेल, तर २,६६६ च्या पुढे १८ शून्ये मांडल्यावर होणाऱ्या संख्येत एकदा, अशी साक्ष त्यांनी दिली. इतकी नगण्य शक्यता व्यवहारात अशक्यच समजावी, असे त्यांचे म्हणणे होते. एका धनाढ्य घराण्याच्या तंट्यात अमेरिकेच्या पहिल्या प्रतीच्या गणितज्ञाने एवढी संख्या न्यायालयापुढे ठेवली तेव्हा किती लोकांनी पाटी-पेन्सिल घेऊन ती पडताळून पाहिली असेल?

आपण पाहू. ५ चा दहावा घात ९७,६५,६२५. त्याचा घन केला की ५ चा तिसावा घात मिळतो, आणि तो येतो २१ अंकी: ९३१ आणि त्यापुढे आणखी १८ अंक. म्हणजे पर्स यांनी सांगितलेली संख्या जवळजवळ तिप्पट मोठी होती. १/५ च्या जागी ५,३२५ भागिले २५,८३० हा नेमका भागाकार घेतला तर उत्तर आणखी लहान येते. मोठमोठ्यांची आकडेमोड चुकते, यात मुलांना सांगण्यासारखे बरेच आहे.

पण आकडेमोडीची चूक किरकोळ म्हणावी लागेल. खरी चूक गुणाकार करण्यातच आहे. संभाव्यतांचा असा गुणाकार घटना परस्परस्वतंत्र असतील तरच चालतो. नाणे दोनदा उडवले तर पहिल्या वेळी काय पडले याचा दुसऱ्या वेळेवर परिणाम होत नाही. सहीचे तसे असते का? हात एका लयीत सुरू झाला की पुढच्या रेघाही त्याच लयीत येतात. पहिल्या पाच रेघा जुळल्या तर सहावी जुळण्याची शक्यता पाचात एकापेक्षा नक्कीच जास्त असणार.

ही नुसती शंका नाही. ती तपासता येते आणि तपासण्याचे साधन पर्स पितापुत्रांनीच मागे ठेवले. किती जोड्यांत किती रेघा जुळल्या, याचा तक्ता त्यांनी न्यायालयात सादर केला होता. ८६१ जोड्यांपैकी १४७ जोड्यांत पाच रेघा जुळल्या, १४३ जोड्यांत सहा, ३४ जोड्यांत दहा. आणि १३ किंवा त्याहून जास्त रेघा जुळल्या अशा जोड्या निघाल्या २०. रेघा खरोखर परस्परस्वतंत्र असत्या तर अशा जोड्या किती मिळायला हव्यात? द्विपद वितरणाने हिशेब केला तर तीन किंवा चार. म्हणजे खूप साम्य असलेल्या जोड्या गणिताच्या अपेक्षेपेक्षा पाच-सहा पटींनी जास्त होत्या. गुणाकाराचा पाया तेथेच ढासळतो. पॉल मायर आणि सँडी झाबेल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८० साली या खटल्याची कागदपत्रे काढून पर्स यांच्या युक्तिवादाची अशीच बारकाईने छाननी केली.

मग सही खरी होती का? तसेही म्हणता येत नाही. त्या २० जोड्यांत जुळलेल्या रेघांची सरासरी काढली तर ती १४ च्या थोडी वर येते. १४ आणि ३० यांत फार अंतर आहे. तेव्हा संशय बळकट आहे, पण त्याला १८ शून्यांची निश्चिती नाही. शिवाय आणखी एक मुद्दा उरतो. एकाच बैठकीत, एकाच टाकाने केलेल्या दोन सह्या निरनिराळ्या वर्षांतल्या सह्यांपेक्षा एकमेकींच्या जवळ जाणार. मग तुलनेसाठी घेतलेल्या ४२ सह्या योग्य नमुना होत्या का? हेटीच्या बाजूनेही इतरांच्या सह्यांचे दाखले आणले गेले. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या सह्या एकमेकींशी किती जुळतात, हे त्यांत होते. काही माणसांचा हात यंत्रासारखा चालतो, हे त्यांना दाखवायचे होते. मुद्दा योग्य होता. फक्त ॲडम्स यांचा हात म्हणजे आजारी सिल्व्हियाबाईंचा हात नव्हे.

निकाल लागला १८६८ साली, हेटीच्या विरुद्ध. पण गंमत अशी की न्यायालयाने सही खरी की खोटी या प्रश्नाला हातच लावला नाही. करारातील एक पक्ष मरण पावलेला असताना दुसऱ्या पक्षाने स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची नाही, असा नियम होता. तेव्हा मावशीबरोबर करार झाल्याची हेटीची साक्षच बाद झाली आणि दावा कोसळला. होम्स, अगासी, पर्स या साऱ्यांचे श्रम निकालपत्राच्या बाहेर राहिले. हेटी पुढे हेटी ग्रीन या नावाने न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गाजली आणि १९१६ साली मरण पावली तेव्हा अमेरिकेतल्या सर्वांत श्रीमंत स्त्रियांत तिची गणना होत होती.

गुणाकाराचा मोह मात्र संपला नाही. बरोबर १०० वर्षांनी, १९६८ साली, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका चोरीच्या प्रकरणातली शिक्षा रद्द केली. तेथे सरकारी पक्षाने गणिताच्या एका अध्यापकाला साक्षीला बोलावले होते. दाढी, मिशी, पिवळी गाडी अशा वर्णनांच्या अंदाजे संभाव्यता गृहीत धरून त्यांचा गुणाकार केला आणि एक कोटी वीस लाखांत एक असे उत्तर काढले. दाढीवाल्या माणसाला मिशी असण्याची शक्यता वेगळी मोजायची नसते, हे कोणी विचारलेच नव्हते.

पर्स यांच्यासारखी कामे पुढे स्वतंत्र व्यवसाय झाली. आज अमेरिकेत आर्थिक गुन्ह्याचा खटला उभा राहिला की वकील खासगी तपासनीस नेमतात. त्यांत पोलीस खात्यातून निवृत्त झालेले लोक असतात, हिशेबतज्ज्ञ असतात, संगणकाचे जाणकार असतात. ज्यूल्स क्रोल याने १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये अशी संस्था काढली आणि कंपन्यांच्या आर्थिक व्यवहारांचा तपास हा मोठा धंदा होऊन बसला. ही माणसे कंपन्यांच्या नोंदणीची दप्तरे धुंडाळतात, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत गेलेला पैसा खातेनिहाय जुळवतात, नोकरी सोडून गेलेल्या कारकुनांना भेटतात. आणि पुरावा म्हणून घेतलेली प्रत कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची नोंद ठेवतात.

तपासनीस अशिलाने न नेमता वकिलाने नेमायचा, यातही एक खुबी आहे. वकील आणि अशील यांच्यातले बोलणे गुप्त राहते, न्यायालय ते उघड करायला लावत नाही. मग वकिलाच्या हाताखाली काम करणाऱ्या हिशेबतज्ज्ञाचे काय? न्यूयॉर्कच्या एका करविषयक वकील-कार्यालयात नोकरीला असलेल्या माजी आयकर अधिकाऱ्यावर हा प्रसंग आला. अशिलाविषयीच्या प्रश्नांना उत्तर द्यायला त्याने नकार दिला आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. १९६१ साली अपील न्यायालयाने ती रद्द केली. न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांचा युक्तिवाद सुंदर आहे. अशील परदेशी भाषा बोलत असेल तर वकिलाला दुभाषा लागतो आणि दुभाष्याने ऐकलेलेही गुप्तच राहते. हिशेबाची भाषा ही बहुतेक वकिलांना परकीच असते, तेव्हा हिशेबतज्ज्ञ हाही एक दुभाषाच.

या सवलतीला मर्यादा आहे. १९७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बचाव पक्षाचा तपासनीस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तर ज्या भागाविषयी तो बोलतो तेवढा अहवाल समोरच्या पक्षालाही द्यावा लागेल. आम्हा वैज्ञानिकांना हा निर्णय फार जवळचा वाटतो. भाडोत्री माणसाच्या शब्दावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे मानधन एक बाजू देते. पर्स यांनाही एका बाजूनेच बोलावले होते, अगासींनाही. पण पर्स यांचा तक्ता कागदपत्रांत राहिला म्हणून तर त्यांची चूक आपण आज दाखवू शकलो. आणि चूक काढून टाकल्यावर उरणारा संशय किती, हेही त्याच तक्त्यावरून सांगता आले. होम्स आणि अगासींच्या साक्षीत फेरमोजणी करण्यासारखे काहीच नव्हते.

बेंजामिन पर्स यांचा या विषयाशी आणखी एका बाजूने संबंध येतो. सायमन न्यूकम हा खगोलशास्त्रज्ञ त्यांचाच विद्यार्थी. १८८१ साली न्यूकमने अवघ्या दोन पानांचा एक लेख लिहिला. लॉगॅरिदमच्या कोष्टकांच्या पुस्तकात पहिली पाने शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळलेली असतात, हे त्याच्या लक्षात आले होते. म्हणजे लोकांना १ ने सुरू होणाऱ्या संख्या जास्त वेळा लागतात आणि ९ ने सुरू होणाऱ्या कमी. त्याने प्रमाणही काढले. पहिला अंक १ असण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्के, ९ असण्याचे पाच टक्क्यांहूनही कमी. लेख विस्मृतीत गेला. १९३८ साली फ्रँक बेनफर्ड या भौतिकशास्त्रज्ञाने नद्यांची क्षेत्रफळे, लोकसंख्या अशा २०,००० हून अधिक संख्या गोळा करून हाच नियम पुन्हा मांडला आणि नियमाला नाव मिळाले ते बेनफर्डचे.

असे का होते, हे पैशाच्या उदाहरणाने कळते. १०० रुपये दरसाल दहा टक्के चक्रवाढीने ठेवले तर १०० चे २०० व्हायला सात वर्षांहून अधिक काळ लागतो. एवढा सगळा काळ पहिला अंक १ च राहतो. पण ९०० चे १,००० व्हायला लागतो फक्त वर्षाहून थोडा अधिक काळ. ९ हा अंक आला म्हणेपर्यंत निघून जातो.

मार्क निग्रिनी या हिशेबतज्ज्ञाने १९९२ सालच्या आपल्या प्रबंधात हा नियम करचुकवेगिरी शोधण्यासाठी वापरला. त्यानेच पुढे दिलेले एक उदाहरण ॲरिझोना राज्याचे आहे. तेथील खजिन्याच्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याने अस्तित्वात नसलेल्या एका पुरवठादाराच्या नावे २३ चेक काढले. एकूण रक्कम १८ लाख डॉलरहून अधिक. १९९३ साली तो दोषी ठरला. या चेकांवरच्या ९० टक्क्यांहून अधिक रकमांचा पहिला अंक ७, ८ किंवा ९ होता. बेनफर्डच्या नियमाने हे तिन्ही अंक मिळून साडेपंधरा टक्के यायला हवेत. बहुतेक रकमा एक लाखाच्या थोड्या खाली ठेवलेल्या होत्या. मनाने संख्या रचताना त्या विस्कळीत दिसाव्यात याची माणूस काळजी घेतो, पहिल्या अंकाची घेत नाही.

अर्थात २३ या संख्या फार थोड्या, आणि ठरावीक मर्यादेतल्या रकमांना हा नियम लागूच पडत नाही. वर्गातल्या मुलांच्या उंचीत १ हा पहिला अंक शंभर टक्के येईल, म्हणून कोणी उंची खोटी लिहिली असे होत नाही. या नियमाने फक्त कोठे शोधायचे ते कळते. चेक काढणारा कोण आणि पुरवठादार खरा की खोटा, हे शेवटी पत्त्यावर जाऊन दार ठोठावूनच पाहावे लागते.

दोन्ही गोष्टी वर्गात करता येतील. जिल्हा जनगणना पुस्तिकेतून आपल्या तालुक्यातल्या सर्व गावांची लोकसंख्या घ्या आणि पहिल्या अंकांची मोजणी करा. सह्यांचा प्रयोग करायला वेळ लागतो, पण मजा येते. एका विद्यार्थ्याकडून ट्रेसिंग पेपरवर देवनागरीत दहा सह्या घ्या, त्याही एका दिवशी सगळ्या नकोत, रोज एक. देवनागरी आपल्याला सोयीची आहे, कारण काने आणि अक्षरांचे दंड या आपल्या उतरत्या रेघाच आहेत. पहिले अक्षर जुळवून सह्या एकावर एक ठेवायच्या. जोड्या ४५ होतील. किती दंड जुळले की जुळले म्हणायचे, हे मोजणीच्या आधी ठरवून फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर मोजता मोजता निकष सैल होतो. मग त्याच विद्यार्थ्याकडून दहा सह्या एका बैठकीत घेऊन पुन्हा मोजा आणि फरक पाहा. शेवटी एका गटाने गुपचूप एक सही खिडकीच्या काचेवर गिरवून गठ्ठ्यात मिसळावी आणि दुसऱ्या गटाने ती शोधून काढावी. शोधणाऱ्या गटाने आपला तक्ता पहिल्या गटाच्या हाती द्यायचा आणि पहिल्या गटाने सगळी मोजणी पुन्हा करायची.